तंगूस

आमच्या कंधारात तळ्याला समुद्र म्हणतात.
जगतुंग समुद्र.
जुईनं ओंजळीनं चाखून बघितलं,
"खारट नाही की, पप्पा,"
आणि उरलेलं पाणी फ्रॉकला पुसलं.

रविवार. दुकानाला कुलूप.
फुटक्या मोबाइलांवर वाकून वाकून
मान माझी ज्वारीचं कणीस झालेली.
म्हटलं, चला, मासे धरू.
रात्रीच तीन व्हिडिओ बघून ठेवलेले,
दोन बांबूच्या काठ्या, पंधरा रुपयांचे गळ,
आणि तरंगायला
मल्हारीच्या तुटक्या स्लिपरचा निळा तुकडा.
अनसूया म्हणाली,
"मी आपली डबा घेऊन बसते."

काठाचा गाळ वाळून भेगाळलेला,
त्यावर बगळ्यांची पावलं, म्हशींची पावलं,
आता आमची आठ.
पाण्यात निम्मी बुडालेली बाभळ,
तिच्या फांदीवर एक खंड्या,
व्हिडिओ न बघितलेला.

मी सूचना दिल्या. पुष्कळ दिल्या.
हात असा, नजर तशी, वारा कुठून आहे बघा.
मल्हारीनं काठी फिरवली
आणि गळ माझ्या सदऱ्याच्या पाठीत.
जुईनं कणकेच्या गोळ्या मोजल्या,
एक, दोन, पाच, सात,
आणि सातही खाल्ल्या.
"मीठच नाही यात. मासे कसे खातील?"

तासभर निळा तुकडा
निळा तुकडाच राहिला.
"मासे झोपायलेत का?"
"त्यांना पण रविवार असतो का?"
"मला शू आली."
तंगूसाचा गुंता माझ्या बोटांत.
मोहरीएवढे स्क्रू बसवणारी ही बोटं,
अन् एक गाठ सुटंना.

तेव्हा ती उठली.
डब्याचं झाकण लावलं, पदर खोचला,
गुंता माझ्या हातातून काढून घेतला,
टोक दातांत धरलं,
दोन वेढे, एक फास, थुंकी लावून ओढलं.
गळ बसला.
वाळल्या शेणाची पोव उलटून
ओल्यात बोटं घातली,
शेवई ओढावी तसं गांडूळ ओढलं.
निळा तुकडा हातभर वर सरकवला.
"बाभळीच्या बुडाशी टाक," मल्हारीला म्हणाली,
"असं उघड्यावर कोण जेवायला बसतंय?"
मग माझ्याकडं वळून,
"अन् तुमी जरा गप बसा."

अकरा वर्षं झाली संसाराला.
तिला कोणत्या कुशीवर झोप लागते,
साखरेच्या डब्याखाली किती लपवते,
सगळं ठाऊक आहे असा माझा समज.
"कुठं शिकलीस?"
पाण्याकडं बघतच म्हणाली,
"मन्याडच्या काठी.
भाऊ पोहायला गेला की त्याचा गळ राखायची मी.
बारावं लागलं तशी माय म्हणाली, पुरं आता,
पोरीच्या हाताला हा वास बरा नाही."
एवढंच. भाव विचारल्यासारखा आवाज.

निळा तुकडा थरथरला.
जुईनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.
एकदा. दोनदा. मग गडप.
"ओढ!"
मल्हारी मागं, धपकन चिखलात,
आणि हवेत वीतभर चिलापी,
पाठीचे काटे छत्रीसारखे उघडून.
अनसूयानं ते काटे तळव्यानं मागं दाबले,
शाळेच्या घाईत जुईचे केस दाबते तसे.

तीन मिळाल्या.
चौथी मोठी असणार,
तंगूस तोडून निळ्या तुकड्यासकट गेली.
मल्हारी रडला,
माशासाठी की चपलेसाठी, कळलं नाही.

येताना गाडीवर चौघं,
जुई टाकीवर पेंगत, पिशवी हँडलला.
वळणावर मागून हात आला
माझ्या खांद्यावर.
गाळाचा वास त्याला, माशाचा, थोडा लोखंडाचा.
मी बोललो नाही काही.
ते "गप बसा"
तिनं अजून मागं घेतलं नव्हतं.